वाळूची गोणी नको, चिंध्या आणा

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घरच्या व्यायामावर लिहिताना पंचिंग बॅगचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच अडचणीची आहेत: बॅग रिकामी आली, आता आत काय भरू? म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतो. सांगलीतल्या आमच्या बॉक्सिंगच्या वर्गात मुलांच्या मारानं बॅगा बसतात, उसवतात, आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्या रिकाम्या करून नव्यानं भरतो. पुढं जे लिहिलंय ते सगळं त्या कामातून आलेलं आहे.

प्रश्न : सर, माझा मुलगा अकरावीत आहे, वजन ५८ किलो. कॉलेजात बॉक्सिंग सुरू केलंय. त्याच्यासाठी ४ फुटी बॅग मागवली, तर नुसती घडी घातलेली पिशवी आली. ह्यांचं म्हणणं, बांधकामाची वाळू घरामागं पडलीच आहे, ती भरून टाकू. माझा भाऊ म्हणतो, पूर्वीचे लोक वाळूवरच हात पक्के करायचे. मला ते पटत नाही. काय भरावं?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमची शंका बरोबर आहे. वाळू भरू नका.

आधी साधा हिशेब बघा. ४ फूट उंच आणि १४ इंच व्यासाच्या बॅगेत साधारण ११५ लिटर जागा असते. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या वरच भरते. तोंडापर्यंत भरली तर बॅग पावणेदोनशे किलोच्या पुढं जाईल. ते वजन शिवणही पेलणार नाही आणि साखळीही. बरं, अर्धीच भरावी म्हटलं तर सगळी वाळू तळाला जाऊन बसते आणि वरची बॅग लोंबती राहते. मुख्य त्रास वेगळाच आहे. वाळू हातात घेतली की सुळकन सांडते, पण बंद पिशवीत तिच्यावर ठोसा बसला की कण एकमेकांत अडकतात आणि त्या जागी घट्ट होतात. ठोशाचा जोर बॅगेत जिरला पाहिजे. वाळूत तो जिरत नाही, उलटा मनगटात येतो. सतरा वर्षांच्या मुलाची मनगटं अजून भरायची असतात. त्यानं महिनाभर अशा बॅगेवर मारलं तर हात पक्के होणं लांबच, तो मनगट धरून घरी बसेल.

तुमच्या भावाचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. प्राचीन ग्रीसच्या तालमींत छताला पिशवी टांगत, तिला कोरिकॉस म्हणत. तिला ढकलायचं, ठोसे मारायचे, परत येताना अंगावर झेलायचं, असा तो व्यायाम. धडधाकट गड्यासाठी तिच्यात वाळू असायची हे खरं आहे. पण अशक्त माणसासाठी त्याच पिशवीत अंजिराच्या बिया किंवा पीठ भरत. मारणारा कोण आहे ते बघून भराव बदलायचा, ही गोष्ट त्यांना तेव्हाच कळली होती. भावाला एवढं जरूर सांगा.

आता वजन. आमच्याकडं ढोबळ मानानं बॅग मारणाऱ्याच्या निम्म्या वजनाची धरतात. तुमच्या मुलाला ३० किलोच्या आसपासची पुरे. बॅग फार हलकी झाली तर प्रत्येक ठोशाला लांब झोका घेते आणि पोराचा अर्धा वेळ ती थांबवण्यात जातो. फार जड झाली तर जागची हलत नाही, मग पोरगाही पाय रोवून एकाच जागी उभं राहायला शिकतं, आणि बॉक्सिंगमध्ये ती सवय फार महागात पडते. ११५ लिटरच्या बॅगेत कापड नीट ठासून भरलं की ३५ ते ४० किलो बसतं. म्हणजे त्याला लागतं तेवढं वजन नुसत्या कापडात मिळतंय, थोडं हलक्या हातानं भरलं तरी चालेल.

आणि तुम्ही तर कापडाच्या गावात राहता. कारखान्यातून किंवा भंगारवाल्याकडून चिंधी मिळेल, शिंप्याकडची कातरण मिळेल, घरातले जुने कपडे आहेतच. टी-शर्ट आणि बनियनचं होजिअरी कापड मला सगळ्यात आवडतं, कारण ते दबतं आणि पुन्हा वर येतं. सुती साड्या, चादरी उत्तम. जीन्स वजन आणते, पण ती एकटी भरली तर बॅग कडक होते. एकूण भरावात तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. सिंथेटिक साडी घसरते आणि थर सोडून खाली सरकत राहते, म्हणून ती थोडीच घ्या. गॅरेजमध्ये हात पुसायला सुताचा गुंता वापरतात तो मात्र आणू नका. त्याचे गोळे होतात आणि थोड्याच दिवसांत बॅगेच्या पोटात गाठी हाताला लागतात. जुन्या गादीतला कापूसही तेच करतो.

शिंप्याकडची कातरण घेतलीत तर एक काम अजिबात टाळू नका. जमिनीवर जुनी चादर अंथरा, तिच्यावर कातरण पातळ पसरा, आणि बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक तिच्यावरून सावकाश फिरवा. टाचण्या, मोडक्या सुया, साडीपिना, ब्लाउजचे हूक असं काय काय चुंबकाला लटकून वर येतं ते बघून तुम्हीच दचकाल. यातली एक जरी सुई आत राहिली तर कधीतरी ती कापडातून पुढं सरकत ग्लोव्हपर्यंत येते. पितळी चेन आणि प्लॅस्टिकची बटणं चुंबकाला लागत नाहीत, ती कात्रीनं कापून काढा.

कपडे अख्खे कोंबू नका. बाह्या, कॉलर, पँटचे पाय वेगळे करा आणि वीतभर लांबीचे तुकडे करा. अख्ख्या शर्टाच्या घडीत हवा राहते, ती पुढं मार खाऊन दबते आणि तेवढ्या जागी बॅगेला खळगा पडतो. तुकडे झाले की सगळं दोन दिवस कडक उन्हात टाका. घडीत दमट राहिलेलं एक फडकंसुद्धा पावसाळ्यात बाकीच्या कापडाला वास लावतं.

आतून अस्तर लावलंत तर हाताला फार फरक पडतो. त्यासाठी बाजारात फोम मिळतो, पण ६ मिलिमीटरच्या दोन योगा मॅटमध्ये काम भागतं. साधारण मॅट ६१ सेंटिमीटर रुंद आणि १७३ लांब असते. दोन मॅट आडव्या गुंडाळून एकीवर एक ठेवल्या की उंची १२२ सेंटिमीटर होते, म्हणजे ४ फूट झाले. १४ इंची बॅगेचा घेर ११२ सेंटिमीटरच्या आसपास येतो, तेव्हा मॅट ११० वर कापा आणि आत गोल सरकवा. जे दोन तुकडे उरतील त्यांच्या गोल चकत्या कापून तळाला ठेवा. खालून मारलेला अपरकट तिथंच बसतो.

भरायला दोघं लागतात. बॅग खोलीच्या कोपऱ्यात उभी करा म्हणजे दोन बाजूंनी भिंतीचा आधार मिळतो. एकानं तोंड धरायचं, दुसऱ्यानं भरायचं. एका वेळी अर्धं घमेलं कापड टाका. हातानं ते आधी कडेला सारा, मग मध्ये. लोक नेमकं उलटं करतात, मध्ये ठासतात आणि कडा पोकळ राहते, आणि ठोसा तर कडेवरच बसणार असतो. मग मुसळानं दाबा. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असेल तर त्यावर जाड फडकं बांधा, नाहीतर अस्तर फाटेल. मुसळ नसेल तर कुदळीचा दांडा घ्या. खालचा एक फूट हलक्या हातानं दाबा आणि वर जाल तसा जोर वाढवत न्या. टांगल्यावर वरचं सगळं वजन खालच्या थरावर येतं, तो आपोआप घट्ट होत जातो. तुम्ही सुरुवातीलाच तिथं ताकद लावली तर वर्षभरात त्याचा ओंडका होतो.

प्रत्येक फुटाला थांबायचं आणि बाहेरून उघड्या तळव्यानं चारी बाजूंनी थापटून बघायचं. सगळीकडून ‘धप्’ असा भरीव आवाज आला पाहिजे. ‘फट्’ आला तर तिथं पोकळी आहे, हात घालून भरा. ‘टक्’ आला तर तिथं जास्त दाबलं गेलंय, थोडं उपसून मोकळं करा. आवाजाकडं असं लक्ष देत भरलं तर एक अख्खी दुपार जाते. मुलालाच या कामाला बसवा. आपण भरलेल्या बॅगेत कुठं काय आहे हे ज्याला ठाऊक असतं तो ती जास्त समजून मारतो, हे मी आमच्या पोरांत बघतो.

टांगल्यावर पंधरा-वीस दिवसांत भराव वीतभर खाली बसेल. घाबरू नका, तोंड उघडून वर आणखी भरा. त्यासाठी थोडी कातरण पिशवीत बाजूला ठेवलेली बरी.

पुढं मुलगा वाढला, बॅग आणखी जड करावी असं वाटलं, तर वाळूला तिची जागा आहे. चाळून उन्हात वाळवलेली वाळू किलो-किलोच्या जाड प्लॅस्टिक पिशव्यांत भरा, दुहेरी पिशवी करा, चिकटपट्टी गुंडाळा. जुन्या जीन्सचा एक पाय कापून खालून शिवून टाका आणि या पुड्या त्यात एकावर एक सोडा. हा नळा बॅगेच्या बरोबर मध्यभागी उभा राहील आणि त्याच्याभोवती सगळीकडून किमान ४ इंच कापड असेल असा बसवा. ७-८ किलोच्या वर जाऊ नका. आणि हे सगळं तो किमान वर्षभर रोज मारत राहिला तरच.

प्रश्न : बॅग तीन वर्षांपूर्वी जुन्या कपड्यांनी भरली होती. आता खालचा दीड फूट दगड झालाय, वरचा भाग ढिला पडलाय आणि पावसाळ्यात जवळ उभं राहवत नाही इतका कुबट वास येतो. आमच्याकडं नारळाचा काथ्या भरपूर आहे. कापड काढून तो भरला तर?
— रत्नागिरी

उत्तर : काथ्या भरू नका. नवा असताना तो छान उसळी देतो, पण माराखाली त्याचा हळूहळू भुगा होतो, वजनाला तो हलका, आणि कोकणातली दमट हवा तर पिऊनच टाकतो. तुमचं कापड चांगलं आहे, त्याला फक्त बाहेर काढायला हवं.

गणपती होऊन पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन पडलं की बॅग पूर्ण रिकामी करा. खालचा थर हातानं निघणार नाही. बॅग आडवी करून तिच्यावर गुडघे टेकून लोळवा, म्हणजे तो सैल होतो. काळे ठिपके पडलेलं कापड फेकून द्या, ते धुऊन बुरशी जात नाही. बाकीचं गरम पाण्यात धुवा आणि खडखडीत वाळेपर्यंत उन्हात ठेवा. पिशवी रेक्झीनची असेल तर तिला कडक उन्हात टाकू नका, तडे जातात. साबणाच्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसून सावलीत, वाऱ्यावर उलटी टांगा.

पुन्हा भरताना तुमच्या हवेसाठी मी वरच्या उत्तरातला एक नियम सैल करतो. तिसरा हिस्सा सिंथेटिक कापड घ्या, कारण ते पाणी धरत नाही, पण त्याचे तुकडे बारीक करा आणि सुती कापडात मिसळूनच टाका. अख्ख्या थरात टाकलं तर ते सरकेल.

रोजची काळजी दोनच गोष्टींची. मारून झालं की बॅगेवरचा घाम कोरड्या फडक्यानं पुसायचा. आणि बॅग भिंतीपासून हात-दीड हात लांब टांगायची, कोकणातल्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. बॅगेला दोन्ही टोकांना कड्या असतील तर दर तीन महिन्यांनी ती उलटी करून टांगा, तळ कडक व्हायचा थांबेल. एकाच टोकाला कड्या असतील तर एखाद्या जाणत्या मोच्याकडून दुसरीकडं शिवून घ्या. त्याला सांगा की दुहेरी पट्टा आणि जाड मेणाचा दोरा हवा. मशीनची एकेरी शिवण हे वजन धरत नाही.

प्रश्न : आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. हॉलमध्ये पंख्याचा एक हूक रिकामा आहे, पंखा दुसरीकडं हलवला. ३५ किलोची बॅग त्यावर टांगली तर चालेल का? सासरे नको म्हणतात.
— पुणे

उत्तर : सासऱ्यांचं ऐका. पंखा चार-पाच किलोचा असतो आणि तो एका जागी गरगरतो. बॅग झोके खाते. बॅग ४५ अंशांपर्यंत गेली आणि परत आली की खालच्या टप्प्यावर हुकाला तिच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त ओढ लागते, म्हणजे ३५ किलोची बॅग त्या क्षणी ५५ किलोंची होते. हे रोज शेकडो वेळा. वर प्रत्येक ठोशाचा आडवा हिसका वेगळा. स्लॅबमधला हूक सळईला नीट अडकवलाय की नुसता काँक्रीटमध्ये खोचलाय, हे खालून बघून कुणालाच सांगता येत नाही.

छताला टांगायचीच असेल तर स्लॅब सोडा आणि बीम शोधा. बीमला दोन्ही बाजूंनी कवळणारी लोखंडी पट्टी बसवून घेता येते. तीही इमारतीच्या रचनेचं शिक्षण घेतलेल्या अभियंत्याला दाखवून आणि सोसायटीची लेखी परवानगी घेऊनच. नुसत्या स्लॅबला भोकं पाडली तर आतली विजेची नळी फुटण्याची भीती असते, आणि वरच्या घरात न्हाणीघर असेल तर गळतीचं भांडण कायमचं तुमच्या दारात येतं.

माझा तुम्हाला सल्ला आहे की उभ्या बुंध्याची बॅग घ्या. तिचा खालचा प्लॅस्टिकचा बुंधा पाण्यानं किंवा वाळूनं भरायचा असतो. तिथं मात्र बिनधास्त वाळू भरा. पाण्यापेक्षा ती दीडपट जड होते आणि बुंध्यावर तुमचा ठोसा बसत नाही. खाली जाड रबरी मॅट टाका, नाहीतर खालच्या घरात धडधड ऐकू जाते. सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर मारू नका. शेजारी एकदा वैतागले की मग बॅग बंदच करावी लागते, असे फोन मला येतात.

जुन्या वाड्यात किंवा कौलारू घरात राहणाऱ्यांनीही हा प्रश्न विचारलाय. सागवानी तुळई शाबूत असेल तर तिच्यासारखी जागा नाही. आधी तिला पेचकसानं टोचून बघा, वाळवीनं पोखरलेलं लाकूड लगेच आत जातं. भक्कम असेल तर तिला भोक पाडू नका. ट्रकवाले माल बांधायला नायलॉनचा रुंद पट्टा वापरतात तो तिच्यावरून घ्या, त्यात स्क्रूनं बंद होणारी लोखंडी कडी अडकवा आणि मग साखळी. उघड्या तोंडाचा एस आकाराचा हूक वापरू नका, हिसक्यानं तो हळूहळू उघडतो आणि बॅग पायावर येते. साखळी आणि बॅगेच्या मध्ये एक फिरकी टाका, म्हणजे साखळीला पीळ बसणार नाही.

प्रश्न : आमच्या गिरणीत भाताचं तूस ढिगानं पडून असतं, फुकट. गावातली सात-आठ मुलं सैन्यभरतीची तयारी करतात, त्यांच्यासाठी गोणपाटात तूस भरून दोन बॅगा करायचा विचार आहे. लाकडाचा भुसाही मिळेल.
— गोंदिया जिल्हा

उत्तर : दादा, तुम्ही मुलांसाठी हे करताय याचा मला फार आनंद झाला. पण तूस नको. ते इतकं हलकं असतं की ११५ लिटरच्या बॅगेत जेमतेम १२-१५ किलो बसेल. वर तुसात सिलिका असते, ते टोचरं असतं. माराखाली त्याची बारीक धूळ होऊन गोणपाटातून बाहेर येते, आणि जोरजोरात श्वास घेणारी मुलं तीच धूळ छातीत घेतात. त्यात अडकलेल्या कणीच्या वासानं उंदीर येतात ते वेगळंच. लाकडाचा भुसा थोडा बरा, पण तोही खाली बसून घट्ट होतो आणि दमट झाला की कुजतो.

तुमच्यासाठी याहून चांगली आणि तेवढीच स्वस्त सोय आहे: टायर. स्कूटरचे किंवा छोट्या गाडीचे निकामी टायर पंक्चरवाल्याकडून मागून आणा. चार-पाच टायर एकावर एक ठेवून चार ठिकाणी भोकं पाडा आणि नट-बोल्टनं एकमेकांना जोडा. नटाची बाजू आतच राहू द्या. बाहेरून जुनी सतरंजी किंवा घोंगडी दोन वेढे गुंडाळून सुतळीनं घट्ट शिवा. मधली पोकळी कापडानं भरा. रबर स्वतःच मार जिरवतं, त्यामुळे भराव कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही. पावसात भिजलं तरी घोंगडी काढून वाळवली की झालं. कित्येक तालमींत आणि क्लबांत मुलं अशा टायरवर घडली आहेत. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या जाड फांदीला टांगा, फांदीवर आधी पोतं गुंडाळा म्हणजे साल सोलणार नाही. फाटके टायर घेऊ नका, त्यांच्यातली पोलादी तार बाहेर आलेली असते आणि ती हात चिरते.

गोणपाट मात्र बॅगेच्या बाहेरच्या कापडासाठी कुठंही वापरू नका. त्यानं बोटांच्या गाठींची कातडी सोलून निघते.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे, वजन ३४ किलो. निखत झरीनला बघून तिला बॉक्सिंगचं वेड लागलंय. तिच्यासाठी बॅग कशी भरू? मुलीच्या हातांना काही होणार नाही ना?
— अहिल्यानगर

उत्तर : तिचं वेड जपा. ३ फुटी बॅग घ्या, १५ ते १७ किलोची, नुसत्या होजिअरी कापडानं आणि फोमच्या अस्तरानं भरलेली. वाळूचा एक दाणाही नको, जीन्सही नको. बोटानं दाबलं की पेरभर आत गेलं पाहिजे. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात. म्हणून पहिले काही महिने जोरात मारायला लावू नका. प्रशिक्षकाच्या हातातल्या पॅडवर नेम आणि मनगटाची रेघ बसू द्या, बॅग आठवड्यातून दोनदा, एका वेळी एकेक मिनिटाच्या चार फेऱ्या. बोट किंवा मनगट दोन दिवसांनंतरही दुखत राहिलं तर बॅग बंद आणि डॉक्टरांकडं. हा नियम मुलगा-मुलगी दोघांना सारखाच आहे.

प्रश्न : बॅग भरून टांगली. ग्लोव्ह्ज महाग आहेत. काही दिवस उघड्या हातानं मारलं तर हात कणखर होतील का?
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : नाही, बाळा. उघड्या हातानं मारणाऱ्याचं पहिल्यांदा करंगळीमागचं हाड जातं. दमलेल्या हाताचा ठोसा तिरका पडतो आणि सगळा भार त्या बारीक हाडावर येतो. मार पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर, म्हणजे तर्जनी आणि मध्यमेवर बसला पाहिजे, आणि त्या गाठींपासून कोपरापर्यंत हात सरळ रेषेत हवा.

पैसे कमी असतील तर आधी पट्ट्या घे, त्या स्वस्त मिळतात. साडेचार मीटरच्या घे. अंगठ्यापासून सुरू करून मनगटाला तीन वेढे, मग गाठींवरून तीन, मग बोटांच्या मधून एकेक, आणि उरलेली पट्टी पुन्हा मनगटावर. मूठ वळली की पट्टी ताणलेली वाटावी, उघडली की सैल. बोटं निळी पडली तर फार घट्ट झाली. नुसत्या पट्ट्यांवर हलक्या हातानं जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा, सराव करता येतो. जोरात मारायचं तेव्हा १२ औंसांचे ग्लोव्ह्ज हवेतच. कॉलेजच्या जिमखान्यात विचार, बऱ्याच ठिकाणी एखादी जोडी पडून असते. स्पर्धेत ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या आणि मध्ये १ मिनिट विश्रांती असते. तू २ मिनिटांपासून सुरू कर. पट्ट्या रोज धुवायच्या आणि दोरीवर लांब सोडून वाळवायच्या, ओल्याच गुंडाळून सामानाच्या पिशवीत कोंबायच्या नाहीत.